रक्तांतील जस्त आणि धुरांड्यांतील वायु

श्रोतेहो, मी हें पहिलें वाक्य पुरें करीपर्यंत आपणांपैकीं प्रत्येकानें एकदां तरी श्वास आंत घेऊन बाहेर सोडला असेल. त्या उच्छ्वासाबरोबर जो कर्बाम्ल वायु, म्हणजेच कार्बन डायॉक्साइड, बाहेर पडला, त्याचा फार मोठा भाग क्षणापूर्वीं वायुरूपांत नव्हताच. रक्ताच्या पाण्यांत विरघळलेल्या क्षाराच्या रूपानें तो वाहत होता. आणि तो क्षार कोणता म्हणाल, तर आपल्या स्वयंपाकघरांतील खाण्याच्या सोड्याच्या जातीचा, बायकार्बोनेट. फुप्फुसांतील केशवाहिन्यांतून रक्त पुढें सरकण्यास सुमारें पाऊण सेकंद लागतो. तेवढ्या अवधींत क्षाराचा पुन्हां वायु झाला पाहिजे आणि तो रक्ताबाहेर पडला पाहिजे. तसें होतें, म्हणून मी बोलतों आहें आणि आपण ऐकत आहां.

आज जी हकीकत सांगावयाची आहे, ती ह्या पाऊण सेकंदांतून सुरू होते आणि कारखान्यांच्या धुरांड्यांपर्यंत जाऊन पोंचते. मध्यें सुमारें ऐशीं वर्षांचा काळ आहे.

सन १९२० ते १९३० ह्या दशकांत शरीरशास्त्रज्ञांना ह्या पाऊण सेकंदानें चांगलेंच पेंचांत टाकलें होतें. कर्बाम्ल वायु पाण्याशीं संयोग पावतो व पुन्हां सुटतो, ही क्रिया रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास नवी नाहीं. परंतु ती संथ आहे. एखादें तीव्र अम्ल आणि अल्क एकत्र आलीं कीं डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं त्यांचा संयोग होऊन जातो. ह्या क्रियेस मात्र अनेक सेकंद लागतात. डेन्मार्कमधील फाउरहोल्ट यांनीं १९२४ सालीं ह्या संथपणाचें काळजीपूर्वक मापन प्रसिद्ध केलें. ते आंकडे पुढें ठेवून हिशेब केला, तेव्हां विलक्षण निष्कर्ष निघाला. ही क्रिया रक्तांतही निव्वळ पाण्यांतल्या वेगानेंच चालती, तर आपण सोडलेल्या श्वासांत कर्बाम्ल वायूचा जेमतेम अंश आढळला असता. हिशेब तर बरोबर होता, आणि माणसें तर जिवंत होतीं! १९२८ सालीं कोपनहेगनच्या हेन्रिक्स यांनीं दाखवून दिलें कीं, तांबड्या पेशी फोडून घेतलेल्या रक्तांतून हा वायु झपाट्यानें सुटतो. पेशी वगळून उरलेल्या नुसत्या रक्तद्रवांतून तो तसा सुटत नाहीं. म्हणजे जें कांहीं होतें, तें तांबड्या पेशींत होतें. पण तें खुद्द हिमोग्लोबिन, कीं त्याच्या आड दडलेलें आणखी कांहीं?

हा प्रश्न केंब्रिज येथील फ्रान्सिस रॉटन यांनीं हातीं घेतला. रॉटन यांस घाईचे तज्ज्ञ म्हटलें तरी चालेल. १९२३ सालीं हार्टरिज यांच्यासह त्यांनीं अशी युक्ति काढली होती कीं, दोन द्रव एका नळींत जोरानें एकत्र सोडावयाचे आणि नळीच्या कितव्या इंचावर रंग बदलला तें पाहून सेकंदाच्या सहस्रांशांत घडणारी क्रिया मोजावयाची. ह्या नव्या प्रश्नासाठीं मात्र त्यांचें उपकरण अगदीं साधें होतें. होडीच्या आकाराचें एक कांचेचें भांडें, मध्यें एक आडवा बांध. बांधाच्या एका अंगास बायकार्बोनेटचें पाणी, दुसऱ्या अंगास फॉस्फेटचें. होडी जोरानें हलविली कीं दोन्ही पाणी एकत्र मिसळत, कर्बाम्ल वायु सुटूं लागे, आणि त्याचा दाब शेजारच्या नळींत वाचतां येई. आतां ह्याच पाण्यांत बैलाच्या रक्ताचा, हजारोंपट पातळ केलेला, अत्यल्प अंश घातला कीं वायु सुटण्याचा वेग एकदम वाढे. इतक्या पातळ रक्तांत हिमोग्लोबिन तें किती असणार? मेल्ड्रम नांवाच्या तरुण सहकाऱ्यासह रॉटन यांनीं तें रक्त अल्कोहोल व क्लोरोफॉर्म यांच्याबरोबर घुसळलें. त्यामुळें हिमोग्लोबिनचा लाल सांका होऊन खालीं बसला. वर उरलेलें पाणी जवळजवळ रंगहीन होतें. आणि सारा प्रभाव त्या रंगहीन पाण्यांत होता.

ज्या द्रव्यास इंग्रजींत एन्झाइम म्हणतात आणि मराठींत ज्यास विकर हें नांव रूढ झालें आहे, त्यांपैकींच तें एक होतें. विकर म्हणजे प्रथिनाचा असा रेणु, जो एखाद्या रासायनिक क्रियेस अतोनात वेग देतो आणि स्वतः मात्र खर्ची पडत नाहीं. चमचाभर विरजण शेरभर दुधास पुरतें, तशांतलाच हा प्रकार. अर्थात् उपमा पूर्णपणें लागू पडत नाहीं, कारण विरजणांतील जंतु जिवंत असतात व वाढतात. विकर हा केवळ रेणु आहे. केंब्रिजच्या ह्या मंडळींनीं १९३२ व १९३३ ह्या दोन सालीं आपलें काम प्रसिद्ध केलें आणि त्या द्रव्यास ‘कार्बॉनिक अनहायड्रेज’ असें नांव दिलें. त्याच सुमारास फिलाडेल्फियामध्यें स्टॅडी व ओब्रायन हेही स्वतंत्रपणें त्याच ठिकाणीं येऊन पोंचले होते.

पुढचा शोधही केंब्रिजमध्येंच लागला. डेव्हिड कायलिन व थॅडियस मान यांनीं तें विकर शुद्ध करीत नेलें. जसजसें तें शुद्ध होई, तसतसें त्यांतील एका धातूचें प्रमाण वाढत जाई. तो धातु म्हणजे जस्त; आपल्या न्हाणीघरांतील बालदीवर ज्याचा मुलामा असतो, तेंच. १९४० सालीं त्यांनीं सांगितलेलें प्रमाण शेंकडा ०.३३ होतें. प्राण्यांच्या शरीरास जस्त लागतें, हें त्यापूर्वीं आढळून आलें होतें. तें कशासाठीं लागतें, याचें पहिलें निश्चित उत्तर हें मिळालें. पुढें १९७२ सालीं स्वीडनमधील उप्साला येथें क्ष-किरणांच्या साह्यानें मानवी विकराची घडण उलगडली, तेव्हां जस्ताचा एकुलता एक अणु प्रथिनाच्या खोल खळग्यांत तीन बाजूंनीं पकडून धरलेला दिसला. पाण्याचा रेणु ह्या जस्तास येऊन चिकटतो, आपला एक हायड्रोजन गमावतो, आणि मग जवळ आलेल्या कर्बाम्ल वायूच्या रेणूवर तुटून पडतो. असें किती वेळां? एका सेकंदांत सुमारें दहा लक्ष वेळां. हा आंकडा उच्चारणें सोपें आहे. त्याची कल्पना करणें मला तरी आजपर्यंत साधलेलें नाहीं.

येथें थोडें विषयांतर करतों. सल्फानिलामाइड हें त्या काळचें नवें औषध ह्या विकरास निष्प्रभ करतें, असें मान व कायलिन यांनींच १९४० सालीं दाखविलें. त्याच धाग्यावरून पुढें अ‍ॅसिटाझोलामाइड हें औषध निघालें. ज्यांच्या घरीं काचबिंदूचा रोगी आहे, त्यांस डायॅमॉक्स हें नांव अपरिचित नसेल, तें तेंच. सारांश, पहिलीं पन्नास-साठ वर्षें ह्या विकराचा विचार वैद्यकाच्या अंगानेंच झाला. धुराशीं त्याचा कांहीं संबंध असेल, असें कोणास वाटण्याचें कारण नव्हतें.

आतां धुराकडे वळूं. ज्या वर्षांत रॉटन होडी हलवीत होते, जवळजवळ त्याच वर्षांत, म्हणजे १९३० सालीं, अमेरिकेंत रॉबर्ट बॉटम्स यांनीं वायूंच्या मिश्रणांतून कर्बाम्ल वायु वेगळा काढण्याच्या एका कृतीचें पेटंट मिळविलें. अमोनियाच्या कुळांतील अमाइन नांवाचीं द्रव्यें पाण्यांत मिसळून तें पाणी एका उंच मनोऱ्यांतून खालीं सोडावयाचें, आणि खालून वायु वर चढवावयाचा. वाटेंत कर्बाम्ल वायु पाण्यांत अडकतो. मग तें पाणी दुसऱ्या मनोऱ्यांत नेऊन सुमारें १२० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविलें कीं वायु सुटतो आणि पाणी पुन्हां कामास येतें. नैसर्गिक वायु शुद्ध करणाऱ्या कारखान्यांत ही रीत अनेक दशकें चालत आलेली आहे. तिच्याकडे साऱ्या जगाचें लक्ष गेलें तें मात्र निराळ्या कारणानें. हवाई बेटांतील मौना लोआ ह्या पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनीं १९५८ सालीं हवेंतील कर्बाम्ल वायु रोजच्या रोज मोजण्यास आरंभ केला, तेव्हां दर दहा लक्ष भागांत तो सुमारें ३१५ भाग होता. यंत्रयुगापूर्वीं तो सुमारें २८० होता. सन २०२४ ची सरासरी ४२० च्याही वर गेली. कोळशाच्या धुरांतून हा वायु हवेंत जाण्याआधींच काढून घ्यावा, ह्या विचारास त्यामुळें जोर आला.

पण अडचण होती उष्णतेची. जें अमाइन वायूस चटकन् पकडतें, तें त्यास घट्टही धरून ठेवतें. सोडविण्यास मग पुष्कळ उष्णता लागते. ती उष्णता वीजगिरणींतूनच घ्यावयाची, म्हणजे विजेचा मोठा हिस्सा धूर धुण्यांतच खर्च व्हावयाचा. उलट, जीं द्रव्यें वायूस सैल हातानें धरतात, जसें पोटॅशियम कार्बोनेट किंवा एम.डी.ई.ए. नांवाचें दुसरें अमाइन, त्यांस उष्णता कमी लागते. पण तीं पकडण्यांतच आळशी. आळशी कां? तर त्यांच्या पाण्यांत कर्बाम्ल वायूचा जो पाण्याशीं संयोग व्हावा लागतो, तीच फाउरहोल्ट यांनीं मोजलेली संथ क्रिया! फुप्फुसांतील जुनें कोडें पोलादी मनोऱ्यांत पुन्हां उभें राहिलें होतें. मग उत्तरही तेंच कां असूं नये?

गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिका व कॅनडा येथील संशोधकांनीं हा विचार खरोखरीच मांडला. तो सुचणें कठीण नव्हतें. कठीण होतें तें हें कीं, ह्या विकराचें आयुष्य ३७ अंशांच्या रक्तांत, सर्व बाजूंनीं जपून ठेवलेल्या स्थितींत जातें. अंडें उकडलें कीं त्यांतील पांढरें घट्ट होतें, आणि निवविलें म्हणून तें पुन्हां पातळ होत नाहीं. विकरही प्रथिनच, १२० अंशांच्या मनोऱ्यांत, कातडी सोलून काढील अशा अल्कांत, त्याची तीच गत. ज्या विकराचा वेग जगांत नांवाजलेला, त्यास आणखी वेगवान करण्याची कोणास गरज नव्हती. त्यास सोसावयास शिकवावयाचें होतें.

प्रथिनास शिकवावें तरी कसें? त्याच्या घडणींतील शेंकडो दुव्यांपैकीं कोणता बदलला असतां तें अधिक टिकाऊ होईल, हें कागदावर ठरविण्याइतकें ज्ञान कोणापाशीं नव्हतें. कॅलिफोर्नियांतील फ्रान्सेस आर्नल्ड ह्या विदुषीनें हें अज्ञान मोकळेपणानें मान्य केलें आणि त्यांतूनच वाट काढली. आपला शेतकरी खळ्यावर भरदार कणसें बाजूस काढून पुढील वर्षाच्या बियाण्यासाठीं ठेवतो. दाण्याच्या आंत काय घडलें आहे, हें त्यास ठाऊक असण्याची गरज नसते. आर्नल्डबाईंनीं हेंच प्रथिनांच्या बाबतींत केलें. विकराची जी लिखित आज्ञा जंतूच्या पेशींत असते, तींत मुद्दाम इकडेतिकडे चुका घडवून आणावयाच्या. त्यांतून हजारों किंचित् निराळीं विकरें निघतात. त्यांस कठीण परीक्षेस बसवावयाचें. जें टिकलें त्याचें बियाणें धरून पुन्हां चुका, पुन्हां परीक्षा. १९९३ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सब्टिलिसिन हें प्रथिनें तोडणारें विकर, मूळ विकर ज्यांत जवळजवळ निकामी होई अशा द्रावणांत, २५६ पट कार्यक्षम झालें होतें. ह्या कामाबद्दल २०१८ सालीं त्यांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

हीच रीत कार्बॉनिक अनहायड्रेजला लावण्याचें काम कोडेक्सिस ह्या कॅलिफोर्नियांतील कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं केलें. त्यांनीं बैलाचें किंवा माणसाचें विकर घेतलें नाहीं. प्राणवायु नसलेल्या चिखलांत राहणाऱ्या डेसल्फोव्हिब्रियो नांवाच्या जंतूचें विकर मुळांतच जरा काटक, म्हणून तें निवडलें. मग पिढीमागून पिढी परीक्षा चालल्या. प्रत्येक पिढीस अधिक उष्ण आणि अधिक तीव्र द्रावण. २०१४ सालीं त्यांनीं जाहीर केलेल्या अखेरच्या विकरानें एम.डी.ई.ए.च्या दाट द्रावणांत १०७ अंशांपर्यंतची उष्णता सोसली. मूळ विकराशीं तुलना करतां त्याचा टिकाऊपणा ४० लक्ष पट झाला होता. अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत विल्सनव्हिल येथें कोळशाच्या वीजगिरणीचा खराखुरा धूर घेऊन लहान प्रमाणावर चाचणी झाली, तेव्हां विकराविना जो वेग असता त्याच्या २५ पट वेगानें कर्बाम्ल वायु पकडला गेला.

चाळीस लक्ष आणि पंचवीस, ह्या दोन आंकड्यांतील अंतर मला बोलकें वाटतें. केवढी मोठी खटपट, आणि तिचें मनोऱ्यांत उतरलेलें फळ केवढें! परंतु ह्यांत निराश होण्यासारखें कांहीं नाहीं. पहिला आंकडा विकर किती सोसतें तें सांगतो, दुसरा तें किती काम करतें तें सांगतो. शिवाय मनोऱ्यांत विकर एकटें नसतें. वायु द्रवाच्या पृष्ठभागापर्यंत पोंचावयास हवा, द्रव सारखा पसरावयास हवा. विकरानें आपली वाट मोकळी केली कीं दुसरी एखादी वाट अडलेली आढळते. रक्ताच्या बाबतींत ह्या साऱ्या वाटा निसर्गानें आधींच रुंद करून ठेवलेल्या आहेत.

दुसरा एक मार्ग कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत चोखाळला गेला. तेथील सी.ओ.टू सोल्यूशन्स ह्या कंपनीनें पोटॅशियम कार्बोनेट पसंत केलें, आणि मनोरा इतकाच ऊन ठेवण्याचें ठरविलें कीं कारखान्यांत वायां जाणाऱ्या गरम पाण्यावर तो चालावा. विकरास आगींत लोटण्याऐवजीं आगच थोडी कमी केली, असें म्हणा. २०१९ सालीं सेंट-फेलिसियां येथील कागदाच्या लगद्याच्या कारखान्यापाशीं असें यंत्र उभें राहिलें. दिवसास ३० टन वायु पकडावा, अशी त्याची आखणी होती. पण तंत्र चाललें म्हणून कंपनी चालतेच असें नाहीं. ती आर्थिक पेंचांत सांपडली, आणि २०२० सालीं तिचें तंत्र इटलींतील सायपेम कंपनीनें विकत घेतलें. तीस टन म्हणजे किती, हेंही सांगितलें पाहिजे. पांचशें मेगावॅटची कोळशावरील वीजगिरणी अहोरात्र पूर्ण भारानें चालली तर दिवसास सुमारें दहा हजार टन कर्बाम्ल वायु सोडते.

सेंट-फेलिसियां येथें पकडलेला वायु जावयाचा कोठें, हें ऐकून आपणांस गंमत वाटेल. तो शेजारच्या प्रचंड कांचगृहांतील काकड्यांसाठीं होता! हवेंत कर्बाम्ल वायु वाढविला कीं काकडी जोमानें वाढते. आणि ती कां वाढते, ह्या प्रश्नाच्या पोटांत दुसऱ्या एका विकराची कथा आहे. ती थोडक्यांत सांगतों, कारण पहिल्या कथेची ती नेमकी उलट बाजू आहे.

पानांत हा वायु पकडून त्याची साखर करण्याच्या कामाचा आरंभ जें विकर करतें, त्याचें आजचें नांव रुबिस्को. १९४७ सालीं वाइल्डमन व बॉनर यांनीं पालकाच्या पानांतून एक प्रथिन वेगळें काढलें. पानांतील विरघळणाऱ्या प्रथिनांत त्याचा वांटा जवळजवळ निम्मा होता. तें काय करतें हें कळावयास आणखी दहाएक वर्षें लागलीं. ‘रुबिस्को’ हें नांव तर १९७९ सालीं वाइल्डमन यांच्या निवृत्तीच्या प्रसंगीं, एका बिस्किटांच्या कंपनीच्या नांवावर कोटी करून, थट्टेनें ठेवण्यांत आलें आणि तेंच रूढ झालें. पानांस हें प्रथिन इतकें कां लागतें? तर तें फार सावकाश आहे. रक्तांतील विकर सेकंदास दहा लक्ष रेणु हातावेगळे करतें. पालकाचें रुबिस्को सेकंदास तीन-चार. शिवाय त्याची निवडही चुकते. १९७१ सालीं इलिनॉय येथील बोव्स, ऑग्रेन व हेगमन यांनीं दाखविलें कीं, कर्बाम्ल वायूच्या जागीं तें मधून मधून प्राणवायूसच पकडतें, आणि ती चूक निस्तरण्यांत झाडाची शक्ति वायां जाते. कांचगृहांत कर्बाम्ल वायु दाट केला कीं चुका कमी होतात. काकडीच्या जोमाचें मर्म तेथेंच आहे.

अशा कामगारास सुधारावें, असें कोणास वाटणार नाहीं? चाळीसांहून अधिक वर्षें तो उद्योग चालू आहे. पण वेग वाढविला कीं निवड बिघडते, निवड सुधारली कीं वेग घटतो, असाच अनुभव बहुधा आला. २००६ सालीं चेर्केझ, फार्कर व अँड्र्यूज ह्या तिघांनीं तर असें प्रतिपादिलें कीं, निरनिराळ्या जीवांचीं रुबिस्कोविकरें आपापल्या परिस्थितींत जवळजवळ पूर्णत्वास पोंचलेलीं आहेत. ज्यास आपण आळस म्हणतों, ती सावधगिरीची किंमत आहे. हें मत पुढें सर्वांनींच जसेंच्या तसें मान्य केलें असें नाहीं. मला मात्र त्यांत एक न्याय दिसतो. प्राणवायु हवेंत नव्हता त्या युगांत जन्मलेलें हें विकर आज प्राणवायूनें भरलेल्या हवेंत काम करीत आहे, आणि सारें जग त्याच्या हातचें खातें.

२०१४ सालीं इंग्लंडांतील रॉथमस्टेड व अमेरिकेंतील कॉर्नेल येथील संशोधकांनीं मिळून तंबाखूच्या रोपांतील मूळ रुबिस्को काढून टाकलें आणि त्याच्या जागीं नीलहरित जंतूचें, अधिक वेगवान् रुबिस्को बसविलें. रोपें जगलीं, हिरवीं झालीं, वाढलीं. परंतु कर्बाम्ल वायु मुद्दाम भरलेल्या बंद कोठडींतच. त्या जंतूच्या पेशींत हा वायु दाट करून ठेवणारी एक सूक्ष्म पेटी असते, आणि तिच्या आंत रुबिस्कोच्या शेजारीं कार्बॉनिक अनहायड्रेजही असतें. ती पेटी रोपांस दिलेली नव्हती. तिच्यावांचून साध्या हवेंत त्यांचा निभाव लागण्यासारखा नव्हता. पानांच्या पेशींत अशी पुरी पेटी बांधण्याचें काम त्यानंतर निरनिराळ्या प्रयोगशाळांतून हातीं घेण्यांत आलें आहे.